लोडर ८०० किलो उचलतो, मग ओंडका २६० किलोचाच का?

ट्रॅक्टरच्या पुढे लोडर बसवून घेण्याचं प्रमाण आपल्याकडे वाढतं आहे. आधी वाळू, विटा, शेणखत भरायला नुसतं बकेट लावलं जायचं. आता लाकडाची वखार असणारे, भंगारचं गोदाम चालवणारे, वेडी बाभूळ काढून रान साफ करून देण्याचे ठेके घेणारे, या सगळ्यांना बकेटच्या जागी पंजा हवा असतो. दुकानदार त्याला ग्रॅपल म्हणतात, कोणी ग्रॅबर म्हणतं. खाली दात, वर एक किंवा दोन झाकणं. झाकण हायड्रॉलिकवर मिटतं आणि माल धरला जातो. काट्याकुट्यांत हात घालून चार मजूर अर्धा दिवस जे ओढतात, ते पंजा तासाभरात उचलून ट्रॉलीत टाकतो. तेव्हा लोकांना तो हवासा वाटतो यात नवल नाही.

अडचण होते ती निवडताना. दुकानात दोन पंजे शेजारी ठेवलेले असतात. एक सहा फुटी, जाड पत्र्याचा, दोन झाकणांचा. दुसरा साडेचार फुटी, किडकिडीत दिसणारा. किमतीत थोडाच फरक असेल तर हात आपोआप मोठ्याकडे जातो. "घ्यायचाच आहे तर दणकट घेऊ" असा विचार. पण ४५-५० हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला हा दणकटपणा महागात पडतो, कारण मोठा पंजा कमी माल उचलतो. ऐकायला उलटं वाटेल, म्हणून हिशोब मांडूनच सांगतो.

पत्रकातला आकडा कशाचा?

आमचा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी विचारत होता, "सर, ट्रॅक्टरच्या पत्रकात उचलण्याची क्षमता १६०० किलो लिहिलीय. मग ५०० किलोचा पंजा घेतला तरी ११०० किलो शिल्लक राहतात ना?" वजाबाकी त्याची बरोबर होती, आकडा मात्र भलत्याच जागेचा होता. ट्रॅक्टरच्या पत्रकात जी उचल लिहितात ती मागच्या लिफ्टची असते. जिथे नांगर, रोटाव्हेटर जोडतो त्या खालच्या दोन लिंकांच्या टोकाला मोजलेली. पुढच्या लोडरशी तिचा काहीही संबंध नाही. लोडर ही वेगळी वस्तू आहे, बऱ्याचदा वेगळ्याच कारखान्याची, आणि तिचं स्वतःचं पत्रक असतं. ते मागून घ्यावं लागतं. नसेल तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.

लोडरच्या पत्रकातही एकच आकडा पाहून भागत नाही. उचल कुठे मोजली आणि किती उंचीवर मोजली, हे दोन प्रश्न विचारायचे. लोडरच्या दोन बाहू जिथे संपतात आणि बकेट किंवा पंजा ज्या खिळ्यांवर अडकवतात, त्या पिनांवर मोजलेली उचल सर्वांत मोठी दिसते. पिनांच्या पुढे ५०० मिलिमीटरवर मोजली तर तोच लोडर कमी उचलतो. शिवाय जमिनीजवळ जास्त उचल, पूर्ण उंचीवर कमी. जाहिरातीत कोणता आकडा छापतील हे सांगायला नको. आपल्याला माल ट्रॉलीच्या फाळक्यावरून आत टाकायचा असतो, म्हणून आपल्या कामाचा आकडा पूर्ण उंचीवरचा.

आणखी एक शब्द पत्रकात असतो, ब्रेकआउट फोर्स. ढिगात घुसलेलं बकेट मागे वळवून माल सुटा करण्याचा तो जोर आहे. तो मोठा असतो, पण तेवढं वजन वर जाईल असा त्याचा अर्थ नाही.

तरफेचा हिशोब

शाळेत आम्ही तरफ शिकवतो. टेकू, भार, बल. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. लोडर म्हणजे तीच तरफ. बाहू मागे ज्या खांबाला जोडलेले आहेत तो टेकू, सिलिंडर बल लावतो आणि पुढे भार. सिलिंडरला किलो कळत नाहीत, त्याला किलो गुणिले अंतर कळतं. भार जितका पुढे, तितका तो जड.

समजा, पूर्ण उंचीवर पिनांवर उचल ८०० किलो आहे आणि टेकूपासून पिनांचं आडवं अंतर २ मीटर. म्हणजे लोडरची एकूण ताकद ८०० × २ = १६००. ही आपली शिल्लक, यातूनच सगळा खर्च भागवायचा.

आता मोठा पंजा लावू. वजन ३८० किलो, आणि त्याचा मध्य पिनांच्या पुढे ४० सेंटिमीटर. खर्च झाला ३८० × २.४ = ९१२. उरले ६८८. ओंडका पंजाच्या पोटात बसतो, त्याचा मध्य पिनांपासून ६५ सेंटिमीटर पुढे धरू. ६८८ भागिले २.६५, उत्तर २६० किलो. नुसती वजाबाकी केली असती तर ८०० वजा ३८० म्हणजे ४२० किलो वाटले असते. ते १६० किलो अंतराने खाल्ले.

लहान पंजा १९० किलोचा, मध्य ३५ सेंटिमीटर पुढे. खर्च १९० × २.३५ = ४४६.५. उरले ११५३.५. हा पंजा आखूड, त्यामुळे ओंडकाही ५५ सेंटिमीटरवरच बसतो. ११५३.५ भागिले २.५५, उत्तर साधारण ४५० किलो.

ट्रॅक्टर तोच, लोडर तोच, डिझेल तेवढंच. एका फेरीत २६० किलो की ४५० किलो, हे फक्त पंजाच्या निवडीवर ठरलं. दिवसभराच्या फेऱ्या मोजा म्हणजे कर्जाचा हप्ता कुठून निघतो आणि कुठे अडकतो ते दिसेल. आपल्या लोडरचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. वही-पेन घेऊन दहा मिनिटांत होतं.

क्विक हिच घेणाऱ्यांनी तिचंही वजन यात धरावं. बकेट काढून पंजा लावणं तिच्यामुळे झटपट होतं, सोय चांगलीच आहे. पण ती स्वतः काही किलो खाते आणि पंजाला आणखी पुढे ढकलते, म्हणजे दोन्हीकडून खर्च.

पंजाचं वजन विक्रेत्याला माहीत नसतं, ही नेहमीची तक्रार. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेला असेल तर मिस्त्रीलाही माहीत नसतं. यावर सोपा उपाय आहे. लोखंडी प्लेट जितके मिलिमीटर जाड, त्याला ७.८५ ने गुणा, तेवढे किलो एका चौरस मीटरला. १० मिमीची प्लेट ७८.५ किलो, १२ मिमीची ९४.२ किलो. मिस्त्री सहज म्हणतो, "१० च्या ऐवजी १२ ची टाकू, आयुष्यभर चालेल." अडीच चौरस मीटर प्लेट लागत असेल तर त्या एका वाक्यात चाळीस किलो वाढले. जिथे दात जमिनीत घासतात तिथे जाडी ठेवा, बाकी ठिकाणी पट्ट्या आणि पाइप वापरून वजन वाचवा. चांगल्या मिस्त्रीला हे सांगितलं की कळतं.

माल किती वजनाचा?

ताज्या तोडलेल्या बाभळीचं वजन पाण्याइतकं धरावं, म्हणजे एक घनमीटरला १००० किलो. वाळल्यावर कमी होतं, पण पंजा बहुतेक वेळा ओलं लाकूडच उचलतो. ओंडक्याचा घेर दोरीने मोजा, मीटरमध्ये. घेराचा वर्ग करा, लांबीने गुणा, १२.५७ ने भागा. आलेले घनमीटर गुणिले १०००. सव्वा मीटर घेराचा, २ मीटर लांब ओंडका जवळजवळ २५० किलोचा निघतो. म्हणजे वरच्या हिशोबातल्या मोठ्या पंजाला तो एवढाच झेपेल. लहान पंजा त्याच घेराचा साडेतीन मीटर लांब ओंडका उचलेल.

वखारीवाल्यांना इथे एक सावधगिरी सांगायला हवी. लाकडाच्या धंद्यात घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून माप काढायची जुनी पद्धत आहे. ती साल आणि चिराईची घट धरून किंमत ठरवायला ठीक. तिने खऱ्या आकारमानापेक्षा साधारण २१ टक्के कमी आकडा येतो. सौद्यात ती चालते, लोडर मात्र सालीसकट अख्खं वजन उचलतो.

घेर दुप्पट झाला की वजन चौपट होतं, हेही डोळ्यांना कळत नाही. फांद्या उचलून उचलून ड्रायव्हरचा हात सैल झालेला असतो, मग बुंधा येतो आणि तो त्याच सवयीने लिव्हर ओढतो. बुंध्याला मुळांसकट माती चिकटलेली असेल तर आणखी शे-दीडशे किलो सहज. आणि बुंधा अजून जमिनीत रुतलेला असेल तर त्याला वजन म्हणायचंच नाही, तो जमिनीशी बांधलेला आहे. वेडी बाभूळ मुळं खोल घालते. लोडरच्या पंजाने ती उपटायला गेलं की एका कोपऱ्याच्या दातावर सगळा जोर येतो आणि बाहू पिळवटतात. उपटायला जेसीबी बोलवावा, ट्रॅक्टरच्या पंजाने गोळा करावं आणि भरावं. दोन्ही कामं एकाच यंत्राकडून करवून घेण्याचा मोह फार ठिकाणी दिसतो.

भंगारात प्रकार वेगळा. तिथे आकार लहान आणि वजन भारी. ८ बाय ४ फुटांची १० मिमी प्लेट एकटी २३४ किलोच्या आसपास असते. अशा दोन प्लेटा एकमेकींना चिकटून आल्या तर मोठ्या पंजावाल्याचा लोडर पूर्ण उंचीपर्यंत जाणारच नाही, आणि लहान पंजावालाही काठावर. उलट वाळलेल्या काटेरी फांद्यांचं काम मुख्य असेल तर वजनाचा प्रश्नच येत नाही, पंजा भरतो तो आकाराने. तिथे रुंद तोंडाचा घेतला तर चालेल, पण पट्ट्या-पाइपांचा हलका. म्हणून आधी स्वतःला विचारायचं की वर्षभरात आपण जास्तीत जास्त काय उचलणार आहोत.

रुंदीबद्दल एक समजूत अशी आहे की पंजा टायरांइतका रुंद हवा. बकेटबाबत ते खरं आहे, कारण रस्ता साफ करताना टायर मालावर चढू नये. ओंडका मात्र मधोमध धरला की दोन्ही बाजूंना बाहेर राहिला तरी बिघडत नाही. दोन झाकणांचा फायदा खरा आहे. एकीकडे जाड बुंधा, दुसरीकडे बारीक फांद्या असल्या तर प्रत्येक झाकण आपापला माल घट्ट धरतं. पण साडेचार-पाच फुटांच्या आत एका झाकणाने काम होतं.

मागची चाकं हलकी झाली की

इथपर्यंत पैशाचा विषय होता. यापुढे जिवाचा आहे, आणि तो जीव बहुधा मालकाचा नसतो. सीटवर रोजंदारीचा पोरगा असतो.

लोडर वजन उचलतो तेव्हा ट्रॅक्टर स्वतःच दुसरी तरफ बनतो. या वेळी टेकू पुढचा एक्सल. पुढे ओंडका, मागे ट्रॅक्टरचं वजन. लहान पंजाचाच हिशोब घेऊ. ४५० किलोचा ओंडका आणि १९० चा पंजा, मिळून ६४० किलो. हे पुढच्या एक्सलच्या पुढे १.८ मीटरवर आहेत असं समजू, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २ मीटर. मागच्या चाकांवरून किती वजन उचललं गेलं? ६४० × १.८ भागिले २ = ५७६ किलो. आणि पुढच्या एक्सलवर किती वाढलं? ६४० अधिक ५७६ = १२१६ किलो. ओंडका-पंजा मिळून ६४० चे, पण पुढच्या एक्सलला ते सव्वा टनाचे वाटतात. लोडरचं स्वतःचं वजन यात अजून धरलेलंच नाही. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल दिशा देण्यापुरता बनवलेला असतो. हबचे बेअरिंग का वारंवार जातात, स्टिअरिंग का जड होतं, टायर का झिजतात, याचं उत्तर इथे आहे.

त्याहून वाईट म्हणजे ब्रेक. आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. २१०० किलोच्या ट्रॅक्टरचं समजा १२६० किलो मागे आहे. त्यातले ५७६ गेले, राहिले ६८४. उतारावर, ओल्या मातीत, पंजा भरलेला, आणि ब्रेक दाबला तर हलकी झालेली चाकं घसरत जातात. खड्ड्यात पुढचं चाक आपटलं की क्षणभर मागची चाकं जमीनच सोडतात. त्या क्षणी ट्रॅक्टरला ब्रेक नाही.

उपाय महाग नाही. मागच्या लिफ्टला वजन लावायचं. २०० लिटरचा रिकामा ड्रम काँक्रीटने भरला तर साधारण ४८० किलोचा होतो, वाळूने भरला तर ३२० च्या आसपास. तो मागच्या एक्सलच्या मागे ९० सेंटिमीटरवर टांगला की मागच्या चाकांवर ४८० नव्हे, जवळपास ७०० किलो येतात, आणि पुढच्या एक्सलवरून २१६ किलो कमी होतात. टायरमध्ये पाणी भरणं, चाकांना लोखंडी वजनं लावणं हेही चांगलं, ट्रॅक्टर पुढे कलंडत नाही. पण त्याने पुढच्या एक्सलचा भार एक किलोही कमी होत नाही, कारण ते वजन नेमकं मागच्या एक्सलवरच बसतं. पुढच्या एक्सलला आराम द्यायचा तर वजन मागच्या एक्सलच्याही मागे हवं. ड्रमच्या मधून मजबूत आडवा दांडा आणि वर तिसऱ्या पॉइंटची जोड नीट वेल्ड करून घ्यावी. साखळीने लटकवलेला ड्रम झुलतो, तो लावूच नये.

बाजूला उलटण्याचा धोका वेगळा. पुढचा एक्सल मधल्या एका पिनवर हलतो, त्यामुळे ट्रॅक्टर चार पायांवर नाही, तीन पायांवर उभा असल्यासारखा असतो. भरलेला पंजा उंच धरून वळण घेतलं की तोल त्या त्रिकोणाबाहेर जायला वेळ लागत नाही. चालताना पंजा गुडघ्याएवढ्या उंचीवर, वर न्यायचा तो ट्रॉलीजवळ थांबल्यावरच. मडगार्डवर कुणी बसलेलं नको, उचललेल्या पंजाखाली कुणी उभं नको. ड्रायव्हरला हे मालकाने सांगायचं असतं, आणि त्याच्यावर "अजून एक टाक" असा तगादाही लावायचा नसतो.

काही ठिकाणी लोडर उचलत नसेल तर मिस्त्री रिलीफ व्हॉल्व कसून प्रेशर वाढवून देतात. उचल वाढते, गिऱ्हाईक खूष. पण बाहूंचं लोखंड, पिना, पाइप, पुढचा एक्सल, यांतलं काहीच वाढलेलं नसतं. "हे मला झेपत नाही" असं सांगणारी यंत्रातली एकमेव वस्तू तो व्हॉल्व होती, तिचंच तोंड बंद केलं.

पंजा घेताना आणखी एक खर्च दुकानात सांगत नाहीत. लोडरच्या लिव्हरने दोन हालचाली होतात: बाहू वर-खाली, आणि बकेट आत-बाहेर. झाकणासाठी तिसरी लाइन लागते. ट्रॅक्टरच्या मागच्या डीसीव्हीवरून पाइप पुढे आणता येतात, पण मग ड्रायव्हर एक हात मागे टाकून झाकण चालवतो आणि नजर पुढून हटते. लिव्हरवर बटण असलेला डायव्हर्टर बसवला तर बरं. झाकणाच्या सिलिंडरला चेक व्हॉल्व आहे का तेही पाहावं, म्हणजे पाइप फुटला तरी झाकण उघडून ओंडका खाली येणार नाही. किंमत विचारताना हे सगळं धरून विचारावं.

हिशोब कागदावर झाला की खात्री वजनकाट्यावर करता येते. आधी रिकामी ट्रॉली आणि मग पंजा ठेवलेली ट्रॉली तोलली की पंजाचं खरं वजन कळतं. नंतर ट्रॅक्टरला पंजा लावून, नेहमीचा भरपूर माल धरून, पंजा खाली ठेवून फक्त मागची चाकं काट्यावर घ्यावीत, मग अख्खा ट्रॅक्टर. मागच्या चाकांवर एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी येत असेल तर आम्ही तो ट्रॅक्टर कामावर पाठवणार नाही, आधी ड्रम लावू. वरच्या उदाहरणात ड्रमशिवाय हा हिस्सा २५ टक्के होता, ड्रम लावल्यावर ४३ टक्क्यांच्या आसपास गेला. काट्यावर सकाळी लवकर जावं, ट्रकांची रांग लागायच्या आत. तेव्हा चार वेळा तोलायला सांगितलं तरी काटेवाला कुरकुर करत नाही.